आतल्या खोलीतला पंच

१

हे सगळं खरं आहे. आईची शपथ. नको, थांब, आईची नको, या गोष्टीत आई आहे. माझी घे. तीसुद्धा पूर्ण घेऊ नकोस, ऐंशी टक्के घे. उरलेल्या वीस टक्क्यांच्या वेळी माझे डोळे मिटलेले होते, तेवढं मी अंदाजाने सांगणार.

तू सकाळपासून फोनमधल्या त्या शब्दांच्या खेळात डोकं खुपसून बसलायस. पलीकडे लिफ्टमध्ये अडकलेली माणसं तक्रार नोंदवायला फोन करतायत, आणि तू मला तिसऱ्यांदा विचारतोयस, "ए थापाड्या, व्ही आणि झेड दोन्ही असलेला इंग्रजी शब्द सांग ना." सांगतो. आमच्या घरी असे शब्द वहीत लिहून ठेवलेत, अक्षरांप्रमाणे. क्यू असलेले एका पानावर. क्यू आहे पण यू नाही, असे वेगळ्या पानावर, आणि त्या पानाला आईने लाल दोऱ्याची खूण शिवलीये.

आई कपडे ऑल्टर करून देते. तिचं इंग्रजी सगळं लोकांच्या कॉलरमागच्या पट्ट्यांवरून आणि औषधाच्या बाटल्यांवरून आलेलं. 'व्हिस्कोज' तिने एकदा असा लावला की मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. रिटायर झाले तरी पेन्सिल कानामागेच. अक्षरांचे ठोकळे जुळवून शब्द लावायच्या खेळाचा बोर्ड त्यांनीच आणलेला, आणि नियमही त्यांचेच.

नियम नीट ऐक. पुढे विचारशील तर मी सांगणार नाही.

घरात माणसं तीन आणि खेळायला लागतात दोन. म्हणून तिसरा पंच. पंचाने आतल्या खोलीत बसायचं, शब्दकोश घेऊन. तो बाहेर ठेवला की आई पंचाच्या खांद्यावरून पानं वाचायची, म्हणून तो आत. बाहेर एकाने शब्द लावला आणि दुसऱ्याला शंका आली, तर ओरडायचं, "पंच!" आणि अक्षरं सांगायची. आतून पानांचा आवाज येणार, मग निकाल. "आहे" किंवा "नाही".

पंचाचा निकाल पटला नाही तर अपील. अपील करणाऱ्याने आत जायचं आणि पान स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पंच चुकला असेल तर शिक्षा म्हणून पुढच्या डावालाही तोच पंच. पण पंच बरोबर असेल तर अपील करणारा आत बसणार, आणि पंच बाहेर येऊन त्याच्या खुर्चीत खेळणार. पंच व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून बाबांनी काढलेली युक्ती.

२

मग बाबांचं कंबरेखालचं गेलं. ते कायमचे आतल्या खोलीत, पलंगावर. म्हणजे आमचे कायमचे पंच. पोटावर शब्दकोश, त्यावर चष्मा. दुपारी चारला आई मशीन थांबवायची, मी शिफ्ट संपवून यायचो, की डाव सुरू.

मी काहीही बनवून लावायचो. तो माझा स्वभाव. आई ओरडायची, "पंच!" आतून पानं फडफडायची आणि बाबा म्हणायचे, "नाही. आणि लाज पण नाही." आई मात्र कधी चुकायचीच नाही. तिच्या प्रत्येक शब्दाला "आहे". एकदा तिने लावलेला शब्द इतका भिकार होता की मी आत डोकावलो. शब्दकोश मिटलेला होता. बाबा वर्तमानपत्राची पानं फडफडवत होते. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दोन वर्षं. त्या दोन वर्षांत आमच्यापैकी कुणीही एकदाही अपील केलं नाही. असं काही ठरवलं नव्हतं. पण अपील हरलो असतो तर त्यांना उठून बाहेर यावं लागलं असतं ना. नियम आहे.

त्यांचं ते "आहे" मी फोनमध्ये रेकॉर्ड करून मेसेजचा टोन म्हणून लावलं होतं. ते गेल्यावर चौथ्या दिवशी इथे ऑफिसात कुणाचा तरी मेसेज आला आणि माझ्या खिशातून बाबा म्हणाले, "आहे." तू विचारलंस, मी अर्धा तास टॉयलेटमध्ये काय करत होतो. ते करत होतो. बाहेर आलो आणि तो टोन डिलीट केला. आता त्याबद्दल मला शिव्या घाल, मी रोज घालतो.

३

नऊ महिने आईने मशीनवरचं कापड काढलं नाही. बोलायची, पण कामापुरतं. "गॅस बंद कर." "दार लाव." आतली खोली तशीच. चादर ताणलेली, उशीशी शब्दकोश, त्यावर चष्मा.

एका दुपारी मी मुद्दाम बोर्ड मांडला आणि समोर कुणी नसताना खेळायला लागलो. हरत होतो. आई दारात येऊन उभी राहिली.

"स्वतःशी खेळतोस आणि स्वतःलाच फसवतोस?"

"कुठे फसवलं?"

"हा काय शब्द आहे?"

"आहे. समुद्री प्राणी आहे."

"तुझे सगळे शब्द समुद्री प्राणी असतात." ती बसली. पट्टीवर सात ठोकळे घेतले. मला इतका आनंद झाला की मी खोकल्याचं नाटक केलं.

तिसऱ्या फेरीला तिने एक्स घालून काहीतरी लावलं. मला शंका आली. आणि तोंडातून सवयीने गेलं, "पंच!"

आईने मान खाली घातली. मला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं.

आतून आवाज आला, "आहे."

४

आईने मला फटका मारला. जोरात, पाठीत. "फोन बंद कर तो! थट्टेला काही सीमा?"

"आई, फोन माझ्याकडे नाहीये."

"मग कुठंय?"

फोन स्वयंपाकघरात होता, चार्जरला लावलेला, बॅटरी दोन टक्के. आणि तो आवाज त्यात उरलाच नव्हता. मी तिला दाखवला. तिने फोन उलटासुलटा करून बघितला, जणू बाबा मागच्या बाजूला चिकटले असतील.

मी आत गेलो. चादर ताणलेली. शब्दकोश मिटलेला, त्यावर चष्मा. खिडकी बंद. शेजाऱ्यांचा टीव्ही असेल, म्हटलं. मी भिंतीला कान लावला. शेजारची बाई कुणाला तरी भोपळ्याएवढी खोटी कौतुकं सांगत होती, टीव्ही नव्हता. म्हटलं, आईच असेल, तोंड न हलवता बोलली असेल. बाहेर आलो तर तिच्या डोळ्यांत तोच संशय माझ्याबद्दल.

"खरं सांग, तू नाहीस?"

"तू नाहीस?"

आम्ही परत बसलो. मी काहीतरी लावलं. आईचा आवाज खणखणीत. "पंच!" आणि अक्षरं सांगितली.

या वेळी उशीर झाला. पानं फडफडली. मग, "नाही." आणि थोडं थांबून, "आणि लाज पण नाही."

आई रडली नाही. तिने उठून मशीनवरचं कापड काढलं, घडी करून कपाटात ठेवलं आणि येऊन बसली. म्हणाली, "तुझी खेळी गेली. माझी पाळी."

५

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात इतकं छान चाललं होतं की काय सांगू. आईने शेजारच्यांच्या पँटी घेतल्या शिवायला. पट्ट्यांवरचे शब्द उतरवायला नवी वही आणली. चारला पाच मिनिटं असताना केस नीट करायची. इथे तुम्हा लोकांना वाटत होतं माझं कुठेतरी जमलंय. मी रोज साडेतीनला पळत होतो म्हणून.

खटकलं ते एवढंच. आईच्या शब्दांनाही आतून पानं उलटण्याचा आवाज यायचा. वर्तमानपत्राचा नाही. शब्दकोशाच्या पातळ पानांचा. मला दोन्ही आवाज ओळखता येतात. आणि एका मंगळवारी तिच्या शब्दाला आतून निकाल आला, "नाही."

आई ठोकळ्यांकडे बघत राहिली.

"बाबांनी तुला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं," मी हळू म्हटलं.

"माहितीये."

"ते बघायचेच नाहीत. वर्तमानपत्र..."

"ते पण माहितीये. मी काय आंधळी होते? मी मुद्दाम खोटे शब्द लावायचे. ते कसे 'आहे' म्हणतात, ते ऐकायला."

"मग आत कोण आहे?"

तिने चुकीचे ठोकळे एकेक करून परत पट्टीवर लावले. "तिकडे गेल्यावर माणूस जरा कडक होत असेल," ती म्हणाली. "मी अपील करणार आहे."

"या शब्दावर?"

"यावर नको. हा खोटाच आहे, अपील हरीनही, पण इथे माझ्या पट्टीवर चांगली अक्षरं आलीयेत. उद्या करीन. उद्या तू खरा शब्द लाव. आतून 'आहे' येईल. मी म्हणीन, मला पटत नाही. आत जाऊन बघीन, हरीन, आणि मग त्यांना बाहेर यावं लागेल. नियम आहे."

"आणि तू आत राहशील."

"आपलीच खोली आहे, जंगल आहे का?"

"आई, दोन वर्षं त्यांना उठता येत नव्हतं."

"म्हणून तर मी दोन वर्षं गप्प बसले ना. आता कसली कंबर आणि कसलं काय."

"पण तू आत, ते बाहेर. मिळालं काय तुला?"

ती वहीच्या कोपऱ्याला चिमटा काढत म्हणाली, "दारात तरी भेट होईल."

६

आता तूच सांग, मी काय करणार होतो? आत जे काही होतं ते बाहेर यायला नको, एवढंच मला कळत होतं. खेळत नाही म्हटलं असतं तर मशीनवर परत कापड पडलं असतं.

मग माझं डोकं चाललं. खोटेपणात ते चालतंच. मी खरा शब्द लावायचाच नाही. मी शब्द बनवायचा, आणि तोही असा की आतून चुकून "आहे" यावं. मग आई अपील करून आत जाईल, तिला शब्द सापडणार नाही, ती जिंकेल, म्हणजे पंच आतच. आई बाहेर, तो आत, डाव चालू. सगळे सुखी.

बुधवारी मी लावला, 'ब्लेव्हिक'. मीच बनवलेला, बसमध्ये, येताना. असा शब्द जगात नाही. मी फोनवर तीन ठिकाणी शोधून बघितला होता. चेहरा असा ठेवला की मी लहानपणापासून हाच शब्द वापरतोय.

"हा खरा आहे?" आईने विचारलं.

"शंभर टक्के."

"पंच!" तिने अक्षरं सांगितली, एकेक, शाळेत सांगतात तशी.

पानं. खूप पानं. माझ्या मनात, 'आहे म्हण, एकदा चूक.'

"आहे."

आई उठली. साडी सारखी केली. म्हणाली, "मला पटत नाही," आणि असं छान हसली की मला वाटलं सगळं सांगून टाकावं. पण मी जिंकत होतो ना. बसून राहिलो.

ती आत गेली. दार तिच्यामागे हातभर उघडं राहिलं. मी जाऊन फटीशी उभा राहिलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती, बाबांचा चष्मा लावून. बोटाला थुंकी लावत पानं उलटत होती. बोट खाली खाली गेलं आणि थांबलं.

"सापडला," ती म्हणाली.

"आई, शक्यच नाही. तो मी बनवलाय! मी थाप मारली होती!"

तिने अक्षरं वाचून दाखवली. सगळी बरोबर. मग अर्थ वाचला. ती सावकाश इंग्रजी वाचते आणि लगेच आपल्या भाषेत सांगते, तिची पद्धत आहे. "नाम. दाराच्या फटीतून बघत उभा राहणारा." ती ओळीवर आणखी थोडी वाकली. "विशेषतः मुलगा."

पलंग करकरला. आई ज्या बाजूला बसली होती त्या बाजूने नाही.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती उशीकडे बघत होती. चष्म्यातून तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते.

आणि इथून ते वीस टक्के.

७

मी भिंतीला पाठ लावली आणि डोळे मिटले. चपलांचा आवाज ऐकला, बाबांच्या. डावी जरा घासत यायची, तीच. त्या चपला आम्ही देऊन टाकल्या होत्या. आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. आईच्या बांगड्या वाजल्या, त्याही तिथेच थांबल्या.

त्या दारात दोन माणसं एकदम मावत नाहीत. एकाला अंग चोरावं लागतं. कुणीच अंग चोरलं नसावं, कारण किती तरी वेळ कुणीच पुढे गेलं नाही. पाच मिनिटं असतील. मला शिफ्टपेक्षा मोठी वाटली.

आई एवढंच म्हणाली, "वाळलात हो."

उत्तर काय आलं ते मला ऐकू आलं नाही. आलं एवढं कळलं, कारण ती फिस्सकन हसली.

मग चपला माझ्या जवळून गेल्या. बाहेरची खुर्ची सरकली. आत पलंग करकरला, शब्दकोश उचलला गेला. मी चाचपडत माझ्या खुर्चीत जाऊन बसलो. डोळे उघडले, पण फक्त बोर्डापुरते.

समोरून एक हात आला आणि पट्टीवरचे ठोकळे नीट लावायला लागला. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. मधल्या बोटावर पेन्सिलीचा घट्टा. आणि नखं वाढलेली. बाबांची नखं मी कापायचो, दर रविवारी. नऊ महिने कुणी कापली नव्हती, तेवढी वाढलेली.

हाताने तीन अक्षरांचा साधासा शब्द लावला. माझा आवाज माझाच नव्हता, पण मी म्हटलं, "पंच?"

आतून आईचा आवाज आला, अगदी रोजचा. "आहे."

मी वर बघितलं नाही. आज सोळा दिवस झाले, अजून बघितलेलं नाही. मनगटाच्या वर काय आहे ते मला माहीत नाही. रविवारी मी बोर्डाशेजारी नेलकटर ठेवलं आणि काही बोललो नाही. हात पुढे आला. बोटं गार होती का, विचारशील. नव्हती. मी दहाही नखं कापली, सावकाश, आणि अंगठ्याला जरा लागलं तेव्हा हात त्यांच्यासारखाच मागे गेला.

८

आत गेलास का, विचारणार तू. गेलो की. डाव चालू नसताना रोज जातो. ताणलेली चादर, मिटलेला शब्दकोश, आणि आई नाही. मी आत असलो की तिचा आवाज बाहेरच्या खोलीतून येतो. बाहेर आलो की आतून. शेजाऱ्यांना सांगितलंय, मावशीकडे गेलीये. आम्हाला मावशी नाहीये.

ती मजेत आहे. निकाल कडक देते. पण मध्ये मध्ये विचारते, "काय लावलं त्यांनी? ते कसे बसलेत? पाठीला उशी दिलीस का?" मी सांगतो. मग जराशाने परत विचारते, "खुर्चीत नीट बसता येतं ना त्यांना?" आणि समोर तो हात थांबतो, ठोकळा तसाच धरून, तिचं बोलणं संपेपर्यंत. दोघांच्या मध्ये एक दार आणि मी. माझी खुर्ची रिकामी झाली की ती येऊन बसेल समोर. एवढंच उरलंय.

मी विचारलं तिला. गेल्या शुक्रवारी. म्हटलं, "आई, मी करू का अपील? मी हरतो, आत येतो. तू बाहेर ये."

पानं उलटली नाहीत. लगेच आलं, "नाही."

"आई, पण..."

"नाही म्हटलं ना. तुला नाही."

तुला नाही. हे तिचे शब्द. मी बरेच दिवस विचार केला, आणि तेवढ्यात तू आलास, व्ही आणि झेडवाला शब्द मागत.

हसू नकोस. आणि गोष्ट फुकट होती असं समजू नकोस. पैसे नकोत मला, तुझ्याकडे असतात तरी कधी? साडेतीनला माझ्याबरोबर घरी चल. माझ्या खुर्चीत बस. समोरून काहीतरी लावलं जाईल. तू शंका काढ. आतून आई म्हणेल "आहे", आणि तू म्हण, "मला पटत नाही." तुझं इंग्रजी बघता तुला ते अगदी मनापासून म्हणता येईल, म्हणून तर तुला निवडलंय.

पुढचं सोपं आहे. उठायचं, वर न बघता टेबलाला वळसा घालायचा, आणि आत जायचं. बाहेर कसा येशील ते बघू. कुणाला ना कुणाला शब्द लागतोच.

फक्त दारात जरा अंग चोर. तिला यायची घाई असेल.